बादलीला वळसा

आठ इंची पाइप मी एका उपड्या बादलीला वळसा घालून नेला.

बादली प्लास्टिकची होती. निळी. हे मला फार नंतर कळलं, कारण मी ती पाहिली तेव्हा कॉम्प्युटरवर सगळंच करडं दिसत होतं. वळशासाठी चार बेंड जास्तीचे लागले. बादलीच्या देखभालीसाठी चहूबाजूंनी अर्धा मीटर जागा सोडली. ड्रॉइंगमध्ये तिच्याकडे बाण काढून इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, की ही जुनी टाकी आहे, हिला हात लावू नये.

हे चारचौघांत सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण मी नेहमी पाइपापाशीच थांबतो, कारण तिथपर्यंतच ही गोष्ट विनोदी आहे. पुढचं मी आजवर दोघातिघांनाच सांगितलंय. ते आता लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा कुणाच्या तोंडाकडे बघत सांगायला नको.

मी जहाजांच्या इंजिनरूममधले पाइप आखतो. कुठलं यंत्र कुठे बसेल, त्याच्याकडे पाणी कुठून येईल, तेल कुठून जाईल, हे सगळं. ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, वर जहाजं. सतरा वर्षं मी हे करत होतो, आणि या सतरा वर्षांत इंजिनरूममध्ये किती वेळा पाऊल टाकलं होतं, तर एकदाही नाही. समुद्रप्रवासाचा माझा एकूण अनुभव म्हणजे बोरीवलीहून गोराईला जाणारी होडी. तिच्यातही मी काठ धरून बसतो. व्हिजिटिंग कार्डावर मात्र ‘सीनियर डिझायनर, मरीन’ असं छापलेलं होतं आणि सोसायटीतले लोक मला दोन-तीनदा ‘तुमची पुढची बोट कधी?’ असं विचारून गेले होते. मी त्यांना दुरुस्त केलं नव्हतं.

त्या काळात आमच्याकडे एकाच प्रकारचं काम धो धो येत होतं. जहाज रिकामं असलं की तोल राहावा म्हणून त्याच्या पोटात समुद्राचं पाणी भरतात आणि माल चढवताना ते सोडून देतात. एका बंदराचं पाणी दुसऱ्या बंदरात ओतलं की त्यातले जीवजंतूही तिकडे मुक्कामाला जातात, म्हणून पाणी गाळून, स्वच्छ करूनच सोडायचं असा नियम आला. नियम आला तेव्हा जहाजं बांधून पाण्यात होती. इंजिनरूममध्ये इंचभर जागा नाही आणि त्यात आता कपाटाएवढं नवं यंत्र बसवायचं. घाटकोपरच्या एखाद्या वन-रूम-किचनमध्ये, जुनं एकही भांडं न हलवता दुसरा फ्रिज घुसवावा, तसं ते काम.

जुन्या जहाजांचे नकाशे एक तर मिळत नाहीत, मिळाले तर खोटं बोलतात. म्हणून आमच्याकडून माणूस जाऊन इंजिनरूम स्कॅन करून आणतो. तिपाईवर एक लेझरचं यंत्र ठेवायचं, ते स्वतःभोवती गरागरा फिरतं आणि समोर येईल त्याचे कोट्यवधी ठिपके टिपतं. ते ठिपके आमच्या कॉम्प्युटरवर आले की धुक्यात बुडलेली अख्खी इंजिनरूम उभी राहते. त्यातून वाट काढत आम्ही नवे पाइप टाकायचे. यंत्र बिचारं प्रामाणिक असतं. व्हॉल्व्ह टिपतं, तसाच त्या व्हॉल्व्हवर वाळत घातलेला बनियनही टिपतं. यातलं कायमचं काय आणि सुटं काय, ते सांगायला माणूस लागतो.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे मामा.

मामा माझे कोणी नव्हेत. अख्खं ऑफिसच त्यांना मामा म्हणायचं, आमच्या बॉस मॅडमसुद्धा. मूळचे कणकवलीकडचे, वडील परळच्या गिरणीत. स्वतः मामांनी चौदा वर्षं बोटीवर फिटरचं काम केलेलं. पन्नाशी उलटल्यावर बोट सोडली आणि आमच्याकडे स्कॅनिंगला लागले, कॉन्ट्रॅक्टवर. त्या कॉन्ट्रॅक्टला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. त्या तिमाहीत त्यांना कायम करायचं ठरलेलं होतं, आणि त्यात मामांना पगारापेक्षा एकच गोष्ट हवी होती. कायम झालेल्या माणसाच्या बायकोला कंपनीचा मेडिक्लेम लागू व्हायचा. मामींचा उजवा गुडघा कामातून गेला होता. घर घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. ऑपरेशन ठरलं होतं, डॉक्टर ठरले होते. फक्त मामा कायम व्हायचे राहिले होते. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मामा रोज जेवताना सांगायचे.

मामांची एक पद्धत होती. प्रत्येक जहाजाला एक वही. स्कॅन करता करता ते पेन्सिलीनं इंजिनरूमचं चित्र काढायचे आणि सुटं सामान लिहून ठेवायचे. इथे शिडी टेकवलेली आहे, धरू नये. इथे रंगाचा डबा. इथे माणूस उभा होता, हल म्हटलं तर हलला नाही. संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो काढून, ज्याचं ड्रॉइंग असेल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे.

या वहीची मी यथेच्छ टिंगल केली आहे. “मामा,” मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “लेझर दोन मिलिमीटरपर्यंत बरोबर सांगतो. तुमची पेन्सिल किती मिलिमीटर जाड?”

मामा शांतपणे पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, “लेझर मोजता रे. वळखता खंय?”

त्या जहाजाची अकरा पानं आली तेव्हा मी कँटीनमध्ये मिसळ खात होतो. बोटाला तर्री लागलेली. अकरा फोटोंपैकी मी एकही उघडला नाही. करंगळीनं मामांना एक अंगठा पाठवून दिला, तो पिवळा, झकास-वाला.

आता बादली.

इंजिनरूमच्या मधल्या मजल्यावर, नव्या पाइपाच्या सरळ वाटेत, मला ठिपक्यांचा एक पुंजका दिसला. खाली रुंद, वर जरा अरुंद, गुडघ्याएवढा. त्याला लागून एक बारीक नळी सरळ वर गेलेली, नळीच्या टोकाला फुगीर काहीतरी. जाणकाराला काय दिसलं असतं? उपडी बादली आणि वाळायला उलटा उभा केलेला मॉप. मला दिसली एक छोटी टाकी, तिच्यातून निघालेली हवेची नळी आणि नळीच्या टोकाला जाळी. मी त्या टाकीचं फार सुरेख मॉडेल केलं. तिला झाकण दिलं. झाकणाला चार बोल्ट दिले. बोल्ट कुठून आले ते विचारू नका, टाकी म्हटली की बोल्ट असतातच.

मग मी माझा आठ इंची पाइप आणला आणि टाकीला धक्का न लावता मोठ्या अदबीनं बाहेरून फिरवला.

तपासणीच्या मीटिंगमध्ये मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मॅडम माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि मला पुरतं ओळखून.

“हे काय आहे?”

“टाकी, मॅडम. ड्रेनची असणार.”

“असणार, की आहे?”

“आहे.”

“मामांना विचारलंस?”

“हो, मॅडम.”

विचारलं नव्हतं. पण त्या क्षणी ते खोटं वाटलं नाही. मामांनी पानं पाठवली, मी अंगठा पाठवला, म्हणजे संभाषण झालंच की, असा काहीसा हिशेब डोक्यात होता. मॅडम म्हणाल्या, “वळसा छान घेतलायस.” मी दिवसभर खुशीत होतो.

दोन महिन्यांनी गोदीतून फोटो आला.

जहाज मुंबईतच दुरुस्तीला लागलं होतं, पाइप बनून आले होते, बसले होते. फोटोत माझा हिरवा पाइप सरळ येत होता, मग अचानक भुताला बघून बाजूला व्हावं तसा वळत होता, मोकळ्या जागेला फेरी घालत होता आणि पुन्हा आपल्या वाटेला लागत होता. त्या मोकळ्या जागेत गोदीचा फोरमन हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता, दुसरा हात कमरेवर. खाली लिहिलं होतं, ‘पाइप प्रदक्षिणा घालतोय. देव कुठाय?’

फोटो मला नव्हता आला. कामाच्या ग्रुपवर आला होता. ग्रुपमध्ये बत्तीस माणसं.

पहिला अर्धा तास मजेत गेला. मग कळलं, की वळशाचं पोट बाहेरच्या वाटेत आलंय आणि ती वाट आगीच्या वेळी वर पळायची आहे. तपासायला आलेल्या साहेबानं तिथे खांदा घासून बघितला आणि मान हलवली. पाइप काढा, नवा बसवा, तोवर जहाज हलणार नाही.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या चिडल्या की आवाज चढवत नाहीत, उलट हळू बोलतात. ऐकायला पुढे वाकावं लागतं, म्हणजे आपोआप मान खाली जाते.

“तू म्हणाला होतास, मामांना विचारलंय.”

“हो.”

“मामा टाकी म्हणाले?”

इथे मी थांबायला हवं होतं. मामा तेव्हा कांडल्याला दुसऱ्या जहाजावर होते. समोरच्या भिंतीवर आमच्या जुन्या कामांचे फोटो होते, त्यातल्या एकावर माझी नजर गेली आणि तिथेच खिळली. मी म्हणालो, “त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही, मॅडम. स्कॅनमध्ये तरी सुटं सामान म्हणून मार्क केलेलं नव्हतं.”

या वाक्याचा मला आजही अभिमान वाटावा इतकं ते चांगलं बेतलेलं आहे. त्यातला दुसरा अर्धा भाग अगदी खरा. स्कॅनमध्ये मार्क केलेलंच नव्हतं. मार्क वहीत केलेलं होतं.

मॅडम कॉम्प्युटरकडे वळून म्हणाल्या, “कायम करायच्या लोकांची यादी आज हेड ऑफिसला जातेय. मामांचं नाव या वेळी नको. परत आले की शुक्रवारी बोलते मी त्यांच्याशी. तू गुरुवारी त्यांच्याबरोबर गोदीत जा. नव्या पाइपाची मापं दोघांनी मिळून घ्या.”

“मी?”

“हो, तू. बघून तरी ये, कशाचे पाइप काढतोस ते.”

मी बाहेर आलो आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. व्हॉट्सॲप उघडलं. अकरा फोटो. सातवं पान. पेन्सिलीनं काढलेली छोटीशी उपडी बादली, शेजारी मॉप, मॉपचा गोंडासुद्धा. आणि मामांचं ते गोलगोल अक्षर: ‘मधला मजला, पंख्याच्या झोताखाली. बादली उपडी + मॉप. ऑइलरची बसायची जागा. सुटं. धरू नये.’ त्याच्याखाली, अकरा फोटोंच्या शेवटी, माझा अंगठा.

मी अंगठ्यावर बोट दाबून धरलं. डिलीट. मोबाईलनं सांगितलं, आता सगळ्यांसाठी डिलीट करता येणार नाही, वेळ गेली. माझ्यापुरतं करता येईल. मी माझ्यापुरतं केलं.

यात काय साधलं, तर माझ्या मोबाईलमधून पुरावा गेला आणि मामांच्यात राहिला. सतरा वर्षं डिझाइन करणाऱ्या माणसाचं हे डिझाइन. बाहेर कोणीतरी दार ठोठावत होतं, “अरे, झोपला काय आत?” मी उगाच फ्लश ओढला.

गुरुवारी गोदीत मामा माझी वाट बघत गेटपाशी उभे होते. कांडल्याहून सकाळीच उतरलेले, दाढी वाढलेली. ग्रुपवरचा फोटो त्यांनी पाहिला होता, पण मला त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, पट्टा ओढला, माझे चकचकीत बूट बघितले आणि म्हणाले, “सांभाळून ये. तेल आसता.”

माझ्या मॉडेलमध्ये इंजिनरूमला वास नव्हता. तापलेल्या तेलाचा, गंजाचा, ओल्या चिंध्यांचा तो वास नाकात शिरला आणि घशात जाऊन बसला. मॉडेलमध्ये शिड्या होत्या, पण त्या उभ्या आणि निसरड्या आहेत, हे मी माऊसनं उतरत असल्यामुळे लक्षात आलं नव्हतं. दोन मजले उतरेपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला. मामा पुढे होते, वाकायचं तिथे न बघता वाकत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत चाललो होतो आणि खण्णकन काहीतरी हेल्मेटवर आदळलं.

“काय लागलं?” मामा ओरडले.

माझा पाइप.

आणि वळशाच्या बरोबर मधोमध, निळ्या बादलीवर, जहाजाचा ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा खलाशी, बसला होता. बादली परत आपल्या जागी आली होती. वरून पंख्याच्या झोताचा वारा येत होता, अख्ख्या इंजिनरूममध्ये फक्त तेवढ्याच जागी. त्यानं माझ्या पाइपाला पाठ टेकली होती आणि एक हात पाइपावर पसरला होता, सोफ्यावर पसरावा तसा. आम्ही मापं घ्यायला आलोय, पाइप काढणार, हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

“काहे निकाल रहे हो साहब? एकदम बढ़िया लगा है. किसने बनाया?”

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून टेप काढली, तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि कामाला लागले. तिथे शांतता अशी कधी नसतेच. वरचे पंखे घोंघावत होते, पलीकडे कोणीतरी ग्राइंडर मारत होतं, आणि काही बोलायचं तर ओरडावं लागत होतं. चौथं की पाचवं माप घेताना मामा ओरडले, “यादी गेली काय रे?”

“गेली!”

“माझा नाव?”

मी वहीत लिहिलेला आकडा परत वाचला. तोच होता. “नव्हतं, मामा!”

मामांचा हात थांबला. टेप सळकन मागे जाऊन डबीत शिरली. त्यांनी हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं, परत घातलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून बोलले. इतक्या जवळून, की त्यांना ओरडायची गरज पडली नाही.

“घरी काय सांगू रे? तिनं बॅग भरून ठेवलीय हॉस्पिटलची.” आणि मग, “तू शिनियर. तुझं ऐकतात मॅडम. माझ्यासाठी एक शब्द टाकशील?”

मला वाटलं होतं, ते भांडतील. मोबाईल काढतील, अंगठा दाखवतील, आईबहीण काढतील. त्याची तयारी मी बोरीवलीहून येताना वाटेत केली होती, दोन-तीन उत्तरंही जुळवली होती. शब्द टाकायला सांगतील, ही तयारी नव्हती.

“मामा, माझ्यामुळे झालं!”

“काय?”

“नाव! माझ्यामुळे गेलं!”

मामांनी कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येईना. हळू आवाजात कबुली द्यायची सोय त्या जागी नव्हतीच. मी छाती भरून श्वास घेतला आणि बोंब मारली, “मी वही वाचलीच नव्हती! तुम्हाला काही विचारलं नव्हतं! मॅडमशी खोटं बोललो मी!”

‘मॅडमशी’ म्हणेपर्यंत ग्राइंडर बंद झाला होता. शेवटचं वाक्य त्या लोखंडी खोलीत एकटंच फिरून आलं. पलीकडचे दोन वेल्डर काच वर करून बघायला लागले. ऑइलर बादलीवरून उठून उभा राहिला. फोटोतला फोरमन शिडीवरून अर्धा खाली वाकला आणि विचारता झाला, “म्हणजे तो बादलीवाला तुम्हीच काय?”

मामांनी मोबाईल काढला, बोटावरचं तेल पँटला पुसलं आणि बराच वेळ वर सरकवत राहिले. मग मोबाईल माझ्या हातात दिला.

“वाच. मोठ्यान.”

मी वाचलं. मधला मजला, पंख्याच्या झोताखाली. बादली उपडी, अधिक मॉप. ऑइलरची बसायची जागा. सुटं. धरू नये.

“आता सगळ्यात खाली काय आसा, ता सांग.”

“माझा अंगठा.”

“तारीख?”

तारीखही सांगितली. मामांनी मोबाईल परत घेतला. “मॅडमना तू सांगतस, की मी सांगू?”

“मी.”

“आज.”

“आज सांगतो, मामा.”

“मग टेप धर.”

आणि आम्ही उरलेली मापं घेतली. सोळा होती. प्रत्येक माप मामा एकदा बोलायचे, मी लिहायचो, मग ते वही आपल्याकडे फिरवून मी काय लिहिलंय ते वाचायचे. पहिल्या चार-पाच मापांना असं वाचलं नव्हतं.

मरोळला पोचलो तेव्हा ऑफिस सुटत आलं होतं. मॅडमसमोर उभं राहून मी सगळं सांगितलं. बाथरूममध्ये जे केलं, ते वगळायचा विचार होता, तेही तोंडातून निघालं. संपल्यावर मॅडमनी हेड ऑफिसला फोन लावला. मला बाहेर जा म्हणाल्या नाहीत. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, मॅडमचं फक्त “हो, पण”, “समजतंय, पण” एवढंच. फोन ठेवून म्हणाल्या, “यादी मंजूर होऊन गेली. आता पुढच्या तिमाहीला.”

“मॅडम, माझं नाव काढून...”

“तू कायमच आहेस. तेच तर दुखणं आहे.”

मग त्या उठून बाहेर गेल्या. मामा खिडकीपाशी स्कॅनरची पेटी पुसत बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मामा, तुम्हाला न विचारता मी ठरवलं. माझं चुकलं.” मामा गडबडून उभे राहिले. पंधरा माणसं मान वर करून बघत होती, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

माझ्यासाठी एक नियम निघाला. यापुढे माझं कुठलंही ड्रॉइंग मामांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. तीन महिने, कॉन्ट्रॅक्टवरच्या फिटरसमोर सीनियर डिझायनर रोज सकाळी कागद घेऊन उभा. मामा पेन्सिलीचं टोक एकेका चौकोनावर ठेवायचे.

“ह्या काय?”

“पंप, मामा.”

“बघितलंस?”

“तुमच्या वहीत आहे. चौथ्या पानावर.”

“आणि ह्या?”

“माहीत नाही.”

“मग लिही तसा. माहीत नाय म्हणून लिही. लाज कसली?”

सतरा वर्षांत ड्रॉइंगवर ‘माहीत नाही’ असं मी कधी लिहिलं नव्हतं. त्या तीन महिन्यांत पुष्कळदा लिहिलं. पण जेवताना मामा आता मामींच्या गुडघ्याबद्दल बोलत नसत. कोणी विचारलं तर ‘चाललाय’ म्हणायचे. एकदा संध्याकाळी त्यांना घाईनं निघताना बघून मी विचारलं, तर म्हणाले, गॅसचा सिलिंडर येणार आहे, ती खाली उतरली तर परत वर यायला अर्धा तास लागतो. आणि निघून गेले. माझ्या खुर्चीवरून ती जिन्याची तीन मजल्यांची वाट मला दिसायला लागली. मी ती कधी पाहिलेली नव्हती, तरी पायऱ्या मोजत बसायचो.

पुढच्या यादीत मामांचं नाव आलं. ऑपरेशन झालं. पंधरा दिवस थांबून एका रविवारी मी घाटकोपरला गेलो. हातात सफरचंदं. बायको म्हणाली होती, फुलं नको नेऊस, तुझ्याकडून फुलं आली तर त्यांना वाटेल काहीतरी लपवतोयस. चढ चढून बिल्डिंग गाठली. पायऱ्या उंच होत्या आणि एकसारख्या नव्हत्या, प्रत्येक मजल्याला अठरा. तिसऱ्या मजल्यावर मी दम लागून कठड्याला टेकलो, आणि मला दोन्ही गुडघे धड होते.

दार मामींनीच उघडलं. वॉकरवर दोन्ही हात, केसांत गजरा, चेहरा हसरा. मामा आत सोलकढी करत होते, तिथून ओरडले, “कोण गो?”

मामींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं.

“नाव नको. वळखलंय,” त्या म्हणाल्या. सफरचंदांची पिशवी माझ्या हातातून घेऊन वॉकरच्या दांडीला अडकवली आणि मागे वळल्या, एकेक पाऊल मोजत. खोली लहान होती. पलंग, कपाट, फ्रिज आणि खिडकीशी एकच लाकडी खुर्ची. मी दारातच घुटमळत राहिलो. बसावं की माफी मागावी, आधी काय, ते कळेना.

मामींनी वॉकर टेकवला आणि मान फिरवून माझ्याकडे बघितलं.

“तुमच्यामुळे तीन महिने जिने मोजले मी,” त्या म्हणाल्या. “आता उभे कशाला? बसा. खुर्ची आसा ती. टाकी नाय.”